लाल दोऱ्याचा टॉवेल

प्रस्तुत लेखिकेची आणि मामांची ओळख एका पलंगाजवळ झाली. लेखिकेच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि दाढी वाढू लागली. मुलाने यंत्राने दाढी करून पाहिली, पण यजमानांनी तोंड फिरवले. तेव्हा शेजारणीने सुचवले की कोपऱ्यावरच्या सलूनमधले मामा घरी येतात, त्यांना बोलवा. दुसऱ्या दिवशी सकाळी हातात पत्र्याची पेटी घेतलेले, अंगाने किरकोळ आणि पांढऱ्या भुवयांचे एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. त्यांनी पेटीतून एक मोठा पांढरा टॉवेल काढला आणि यजमानांच्या गळ्याभोवती बांधला. त्या टॉवेलवर बारीक बारीक भोके होती, ओळींमागून ओळी. कसर लागली असेल असे समजून लेखिकेने कपाटातला दुसरा टॉवेल पुढे केला. मामा म्हणाले, "राहू द्या वहिनी. कसर नाही ती. अक्षरं होती तिथं."

पुढे ते दर आठवड्याला येत राहिले आणि त्या अक्षरांची हकीकत त्यांच्याच तोंडून, वस्तऱ्याला धार लावता लावता, थोडी थोडी कळत गेली. ती येथे क्रमाने मांडली आहे.

मामा हे काही त्यांचे नाव नव्हे. थोरल्या बहिणीचा मुलगा त्यांच्या दुकानात वाढला. तो त्यांना मामा म्हणे, आणि त्याचे ऐकून गिऱ्हाइकेही म्हणू लागली. वयाने मोठे असलेले गृहस्थसुद्धा खुर्चीत टेकताना "मामा, जरा बारीक करा" म्हणत. बहिणीचा नवरा मूल रांगत असतानाच घर सोडून गेला होता. बहीण भरतकामाच्या कारखान्यात यंत्रावर बसे. शाळेच्या गणवेशावरच्या बिल्ल्यापासून हॉटेलच्या चादरीवरच्या नावापर्यंत सारे तिच्या सुईखालून जाई. ती कामावर गेली की पोर मामांच्या दुकानात. मामांनी लग्न केले नाही. कोणी विचारले तर म्हणत, "मुलगा आहे की. मग बायको कशाला?"

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतभर आरसा, आरशापुढे दोन खुर्च्या. त्यांतली एक वर-खाली होत नसे, म्हणून तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा बसे. पाठीमागे बाकडे, आणि कोपऱ्यात उंचावर टीव्ही. मामांचा हात हलका होता, पण त्यांची खरी ओळख होती ती त्यांच्या एका रीतीमुळे. वस्तरा गळ्यावर असताना माणसाला बोलता येत नाही. बोलायला गेला तर कंठ हलतो आणि पाते चुकते. म्हणून मामांनी धंदा सुरू केला तेव्हापासून ठरवून दिले होते की, टोचले, दुखले किंवा शिंक येऊ लागली तर गिऱ्हाइकाने खुर्चीचा हात थोपटायचा. थोपटले की मामांचा हात जिथे असेल तिथून वर उचलला जाई. नव्या गिऱ्हाइकाला ते हे आधी सांगत. जुन्यांना सांगावे लागत नसे. खुर्चीच्या हातांवरचे रेक्झिन त्या थापांनी पार गुळगुळीत झाले होते.

भाचा मिसरूड फुटल्यावर पहिल्यांदा त्या खुर्चीत बसला, तेव्हा साबणाचा ब्रश लागताच गुदगुल्या होऊन त्याने दोन्ही हातांनी खुर्ची बडवली होती. बाकड्यावरची माणसे हसली. मामा मात्र ब्रश हवेत धरून गंभीरपणे थांबले. थोपटले की थांबायचे, मग कारण कसलेही असो.

हा भाचा पुढे बॉक्सर झाला. उंचीने बेताचा, खांद्याने भरलेला, आणि ठोसा असा की समोरच्याला तो दिसायच्या आत बसलेला असे. हातोडा म्हणावे इतका उंच नाही, म्हणून वस्तीने त्याचे नाव हातोडी ठेवले. त्याच्या प्रत्येक सामन्याच्या सकाळी एक गोष्ट ठरलेली असे. तो मामांच्या खुर्चीत दाढी करून घेई, आणि त्याच्या गळ्याभोवती बांधलेला टॉवेल मामा सोडून आपल्या खांद्यावर टाकत. तोच टॉवेल घेऊन ते रिंगणाच्या कोपऱ्यात बसत. बॉक्सिंगमध्ये असा नियम आहे की, आपल्या माणसाचे आता काही खरे नाही असे कोपऱ्यातल्याला वाटले, तर त्याने टॉवेल आत फेकायचा. पंच तो पाहतो आणि सामना थांबवतो. मामांवर ती वेळ कधी आली नाही. टॉवेल खांद्यावर जाई आणि खांद्यावरच परत येई.

आणि मग अजगराचे आव्हान आले.

अजगर हे अर्थातच त्या मल्लाचे प्रेक्षकांनी ठेवलेले नाव. तो मिश्र प्रकारात लढे. त्या प्रकारात ठोसे असतात, लाथा असतात, माणसाला खाली पाडून त्याचे सांधे पिरगाळणे असते, गळा आवळणेही असते, आणि हे सारे जाळीच्या पिंजऱ्यात चालते. हरलेल्याने हाताने जमीन किंवा समोरच्याचे अंग थोपटले की सुटका होते. अजगर टीव्हीवर म्हणाला की बॉक्सर म्हणजे कमरेपर्यंतचा पैलवान, खालचा अर्धा तो घरीच ठेवून येतो. त्याने हातोडीचे नाव घेतले, आणि ज्या वेळी घेतले त्या वेळी मामांच्या दुकानातला टीव्ही चालू होता.

बाकड्यावर टायरवाला होता. चौकात पंक्चर काढण्याचे त्याचे दुकान, आवाज भोंग्यासारखा, आणि हातोडीचा त्याच्याइतका कट्टर चाहता दुसरा नव्हता. तो उठून उभा राहिला आणि त्याने तिथल्या तिथे, भाच्याला न विचारता, वस्तीच्या वतीने आव्हान स्वीकारून टाकले. भाचा संध्याकाळी दुकानात आला तेव्हा दारापासून बाकड्यापर्यंत माणसे दाटली होती. नाही म्हणायला त्याला जागाच उरली नव्हती. तो हसला आणि म्हणाला, बघू या. त्या हसण्यात खालचा ओठ जरासा आत ओढला गेला. हे फक्त मामांनी आरशात पाहिले.

त्या दिवसापासून मामांचे दुकान म्हणजे सभाच झाली. टायरवाल्याचे म्हणणे असे की जवळ यायला अजगराला पाय हवेत, आणि एक ठोसा बसल्यावर ते राहतील कुठे? समोरच्या बेकरीचा मालक मिश्र सामने नेमाने पाहणारा. तो शांतपणे म्हणे की ठोसा मारायला हात मोकळा लागतो, आणि एकदा मिठीत सापडला की हातोडीचा खिळा होईल. टायरवाल्याने त्याला पाव विकणाऱ्याने पावापुरतेच बोलावे असे सुनावले. बेकरीवाल्याने उत्तर दिले की हवा भरण्याचा धंदा टायरपुरताच ठेवलेला बरा. माणसे हसत. मामाही हसत, पण हसताना हातातला वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यापासून दूर धरत.

त्यांना भीती वाटे ती याच जागेची. दिवसभर त्यांच्या बोटांखाली गळे असत. मान मागे टाकलेली, कातडी ताणलेली, आणि कानाखाली ती ठकठक उडणारी शीर. तिच्यावर दोन बोटे टेकून ते कातडी ओढत आणि पाते फिरवत. माणसाचा जीव किती उघड्यावर असतो हे त्यांना जितके रोज दिसे, तितके एखाद्या डॉक्टरलाही दिसत नसेल. आणि त्या उघड्या गळ्यांतून, साबणाचा फेस पुसायच्या आत, आवाज निघत, की अजगराने गळा आवळला तरी आपला माणूस थोपटणार नाही. मेला तरी थोपटणार नाही. मेला तरी, हे शब्द माणसे किती सहज म्हणत होती. आणि म्हणणाऱ्याच्या गालावर जरा खरखरले, की त्याचाच हात खुर्चीवर थापा मारू लागे.

मिश्र प्रकार शिकवायला भाच्याने एक नवा शिक्षक धरला होता. तो एकदा केस कापायला आला आणि हलक्या आवाजात मामांना म्हणाला, "तुमचा भाचा सगळं शिकतो, पण थोपटायला शिकत नाही. सरावातसुद्धा डोळे पांढरे होईपर्यंत सहन करत राहतो. म्हणतो, लोकांना शब्द दिलाय. तुम्ही जरा सांगा."

मामांनी त्या संध्याकाळी सांगून पाहिले. भाचा बाकड्यावर बुटांच्या नाड्या सोडत होता. तो म्हणाला, "मामा, बाहेर पडलं की पोरंटोरंसुद्धा ओरडतात, थोपटायचं नाही म्हणून. मी काय करू?" मामांना इतकेच सुचले की आपण आहोत, आपला टॉवेल आहे. त्याने नाही थोपटले तर टॉवेल बोलेल. या एका विचारावर ते झोपू शकत होते.

चाहत्यांनाही तोच विचार सुचला होता, पण उलट्या बाजूने. मामा मनाने मऊ, भाच्यावर जीव, ऐन वेळी घाबरून टॉवेल फेकतील आणि नाक कापले जाईल, अशी कुजबुज सुरू झाली. यावर टायरवाल्याने उपाय काढला. त्याने मोठा, जाड, नवा टॉवेल आणला, तो मामांच्या बहिणीकडे नेला आणि त्यावर साऱ्या चाहत्यांची नावे भरून देण्याची गळ घातली. एवढ्या माणसांची नावे असलेली वस्तू कोणी जमिनीवर फेकणार नाही, असा त्याचा हिशेब. हिशेब त्याने बहिणीला सांगितला नाही. ती बिचारी आनंदून गेली. इतकी माणसे आपल्या लेकाच्या पाठीशी आहेत, हे तिला त्या नावांत दिसले. कारखान्याची पाळी संपल्यावर यंत्रापाशी थांबून तिने लाल दोऱ्याने नावामागून नाव भरले. मधोमध हातोडीचे चित्र काढले, आणि त्याखाली, कोणी सांगितले नसताना, बारीक अक्षरांत 'आई'.

टॉवेल दुकानात आला तेव्हा टाळ्या झाल्या. मामांनी तो हातांवर घेतला. पांढरे फारसे उरले नव्हते. बहीण दारात उभी होती आणि तिचा चेहरा असा फुलला होता की मामांना तिचे लहानपण आठवले. ती म्हणाली, "बाळ्या, या वेळी हाच ने." साठीकडे झुकलेल्या भावाला ती अजून बाळ्या म्हणे. मामा हो म्हणाले. नाही कसे म्हणणार?

सामन्याच्या सकाळी भाचा खुर्चीत बसला. मामांनी त्याच्या गळ्याभोवती तो लाल अक्षरांचा टॉवेल बांधला, फेस केला आणि पाते लावले. कानाखालची शीर जोरात उडत होती. मामांनी दोन बोटे तिच्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवली. भाच्याने डोळे उघडून आरशातून त्यांच्याकडे पाहिले.

सभागृहात नियम वाचून दाखवताना तिथल्या अधिकाऱ्याने सांगितले की कोपऱ्यातल्याने पांढरा टॉवेल जाळीवरून आत टाकला, तर सामना थांबेल. मामांनी मान डोलावली. टॉवेल पांढराच तर होता. त्यावर काय लिहिले आहे याने काय फरक पडतो, असे त्यांना वाटले. यात त्यांना दोष देता येत नाही, कारण ते आयुष्यभर टॉवेलकडे टॉवेल म्हणूनच पाहत आले होते.

सामना सुरू झाला तेव्हा जाळीभोवती वस्ती लोटली होती. पहिल्या फेरीत हातोडीने दोन ठोसे असे मारले की अजगराची भुवई फुटली. लोकांनी टोप्या उडवल्या, मफलर उडवले. एक मफलर जाळीवरून आत पडला, तो पंचाने पायाने कडेला सरकवला. टायरवाल्याचा आवाज साऱ्या गर्दीच्या वर ऐकू येत होता. मामांना क्षणभर वाटले की आपली भीती म्हातारपणाची असेल.

दुसऱ्या फेरीत अजगर खाली वाकला आणि त्याने भाच्याचे पाय धरले. दोघे जमिनीवर आले ते नेमके मामांच्या कोपऱ्यात, जाळीला लागून. वळवळ झाली, उलथापालथ झाली, आणि मामांना दिसले ते असे: अजगर पाठीवर, त्याच्या पोटावर भाचा पाठमोरा, अजगराचा हात भाच्याच्या हनुवटीखाली कोयंडा घालावा तसा बसलेला. भाच्याचा एक हात अजगराच्या पायाखाली अडकला होता. दुसरा मोकळा हात जमिनीवर पसरला होता. चेहरा मामांपासून हातभर अंतरावर, मध्ये फक्त जाळी. तो आधी लाल झाला, मग जांभळा. कानाखालची शीर, जिच्यावर सकाळी मामांनी बोटे ठेवली होती, ती दोरीसारखी फुगली.

मामा उठले आणि त्यांनी टॉवेल जाळीवरून आत टाकला.

पंच पलीकडच्या बाजूने, गुडघ्यावर बसून, अजगराची पकड पाहत होता. त्याने मान वळवली. त्याला लाल अक्षरांनी भरलेले, मध्ये चित्र काढलेले एक मोठे फडके दिसले. मघाच्या मफलरासारखेच हेही कोणा चाहत्याने भिरकावलेले निशाण, असे समजून त्याने ते पायाने बाजूला सारले. टॉवेल घसरत गेला आणि भाच्याच्या त्या मोकळ्या हातावर जाऊन पडला.

गर्दीने आपली नावे ओळखली. मामांनी आपल्या माणसाला हिंमत द्यायला वस्तीची नावे त्याच्या अंगावर घातली, असे टायरवाल्याला वाटले, आणि त्याने तसे ओरडून सांगितले. मग जो गजर उठला त्यात मामांचा आवाज बुडून गेला. ते "थांबवा, थांबवा" म्हणत होते. पिंजऱ्याच्या दाराजवळच्या माणसाकडे ते धावले, त्याची बाही ओढली. तो हसून म्हणाला, "बसा काका, दिसू द्या मागच्यांना."

मामांनी वळून पाहिले. टॉवेल हलत होता. हातोडीचे चित्र वर-खाली होत होते. कापडाखाली भाच्याचा हात जमीन थोपटत होता, पहिल्यांदा जोरात, मग हळू. जाड कापडातून आवाज येत नव्हता. पंचाला फक्त एक पडलेले फडके दिसत होते. आयुष्यभर ज्या खुणेवर मामांचा हात आपोआप थांबला, ती खूण समोर होती, आणि थांबवणारा हात त्यांचा नव्हता. मग चित्र हलायचे थांबले.

त्यानंतर पंचाने भाच्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, अडकलेला हात सोडवून वर उचलला, आणि तो ओल्या कपड्यासारखा खाली पडल्यावर सामना थांबवला. डॉक्टर धावले. भाचा शुद्धीवर आला, पण त्याला घशातून आवाज काढता येईना.

इस्पितळात त्याला ठेवले. खिडकीखाली रस्त्यावर माणसे जमत आणि त्याच्या नावाने ओरडत. हरला, पण थोपटले नाही! वस्तीला विजयापेक्षाही हे मोठे वाटले. टायरवाल्याने आपल्या दुकानावर पाटी रंगवली, 'जो थोपटत नाही त्याची ही वस्ती'. बहीण लेकाच्या उशाशी बसून ते ओरडणे ऐके आणि डोळे पुसे. टॉवेल तिने घडी करून त्याच्या पायाशी ठेवला होता. भाचा तिकडे पाहायचे टाळत असे. एकदा त्याची आणि मामांची नजर मिळाली, आणि भाच्याने आपली नजर खाली वळवली.

मामांच्या तोंडाला कुलूप लागले. चाहत्यांना काय वाटेल ही त्यांची चिंता नव्हती. पण बहिणीला कसे सांगावे, की तुझा लेक जीव मागत होता आणि ते तुझ्याच भरतकामाखाली झाकले गेले? आणि भाच्याला कसे सांगावे? गुदमरताना काय केले ते त्याला आठवत असेल की नाही? आठवत नसेल, तर त्याच्याकडे उरलेली एवढी एकच गोष्ट आपण हिरावून घ्यायची का? अशा विचारांत दिवस जात. भाचा घरी आला. आवाज घोगरा झाला तो झालाच.

तेवढ्यात पुन्हा बोलावणे आले. अजगराला दुसरा सामना हवा होता. या वेळी हातोडी थोपटेपर्यंत सोडणार नाही, असे तो टीव्हीवर म्हणाला. वस्ती पेटून उठली. दुकानात पुन्हा सभा भरली, आणि भाचा दाराशी उभा राहून सगळ्यांकडे पाहत होता. त्याने मान हलवली. ती होकाराची होती, असे सर्वांनी धरले.

त्या दिवसापासून मामांचा हात कापू लागला. त्यांनी दाढी करणे बंद केले. डोळ्याला त्रास आहे असे सांगून ते फक्त केस कापत. पाते उघडले की त्यांना तो जांभळा चेहरा दिसे.

टायरवाला ऐकणाऱ्यातला नव्हता. एका सकाळी तो येऊन खुर्चीत बसला, मान मागे टाकली आणि दुसऱ्याच्या हातून दाढी करून तोंडाची माती झाली, आता तुम्हीच करा, असा हट्ट धरून बसला. बाकड्यावर बेकरीवाला आणि इतर नेहमीची मंडळी होती. मामांनी नाइलाजाने फेस केला. पाते लावले. टायरवाला फेसातूनच बोलत होता की या वेळी अजगर थकेल, कारण आपला माणूस थोपटत नसतो. मामांचा हात हलला. हनुवटीखाली बारीकशी चीर पडली, आणि फेसात लाल ठिपका उमटला.

टायरवाल्याचा हात खुर्चीवर थपथप वाजला.

मामांनी पाते उचलले. त्यांच्या तोंडून निघाले, "तू थोपटलंस. मी थांबलो."

टायरवाला आरशातून त्यांच्याकडे पाहू लागला.

"त्यानंपण थोपटलं होतं," मामा म्हणाले. "तुमच्या नावांखाली. मी पाहिलं. कापड हलताना पाहिलं, आणि थांबताना पाहिलं."

मग त्यांनी सारे सांगितले. ते काही फार मोठे नव्हते. थोडक्यात संपले. बेकरीवाल्याने टीव्ही बंद केला. मामांनी टायरवाल्याच्या हनुवटीला तुरटी लावली. अर्धी दाढी तशीच ठेवून तो उठून गेला. दुकान रिकामे झाले.

दुसऱ्या कोणी सांगण्याआधी सांगावे म्हणून मामा तसेच कारखान्यात गेले. यंत्रांच्या खडखडाटात बहिणीच्या कानाशी वाकून त्यांनी सांगितले. तिने यंत्र थांबवले नाही. हातातली चादर पूर्ण केली, दोरा तोडला, आणि मगच खुर्चीवरून उठली. म्हणाली, "टॉवेल घरी आहे." त्या संध्याकाळी ती खिडकीशी टाके कापायची उसवणी घेऊन बसली आणि नावे एक एक करून उसवू लागली. मामांनी मदत करू का विचारले, तर ती म्हणाली, "मी घातलेत टाके, मीच काढते." शेवटी चित्र उसवले, आणि सगळ्यांत शेवटी ती बारीक अक्षरे. भाचा दाराशी उभा राहून पाहत होता. आईच्या मांडीवर लाल दोऱ्यांचा ढीग साचत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात आला. आपण त्याचा मान वस्तीसमोर उधळून टाकला, आता हा काय म्हणेल, या भीतीने मामा कंगवे पुसत राहिले. भाचा खुर्चीत बसला. त्याने मान मागे टाकली.

घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "मला वाटायचं, मी थोपटलं ते फक्त मलाच ठाऊक आहे."

मामांनी कंगवा खाली ठेवला.

"म्हणून मी पुन्हा जाणार होतो," भाचा म्हणाला. "आता नाही जात."

मामांनी बहिणीने उसवलेला तो टॉवेल त्याच्या गळ्याभोवती बांधला. पाते लावले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हात कापत होता, पण कापता कापता दाढी झाली, आणि एकही चीर पडली नाही.

भाच्याने नकार कळवला. अजगराने टीव्हीवर जे बोलायचे ते बोलून घेतले. चाहत्यांपैकी काही जण पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. हातोडी भित्रा निघाला असे ते दुसऱ्या दुकानात सांगत. टायरवाल्याच्या दुकानावरची पाटी काही दिवस तशीच होती, मग एका सकाळी तिच्यावर नुसता पांढरा रंग दिसला. तो दाढी करायला परत आला तो खूप दिवसांनी. खुर्चीत बसला, आणि सवयीने खुर्चीच्या हातावर पंजा ठेवला. मामा म्हणतात, त्या दिवशी तो पहिल्यांदा गप्प बसून दाढी करून गेला. भाचा आता शाळेतल्या मुलांना बॉक्सिंग शिकवतो. अजूनही रस्त्यात कोणी अचानक मागून खांद्यावर हात टाकला, तर त्याचे दोन्ही हात गळ्याशी जातात. मामांनाही रात्री कधी कधी हलणारे कापड दिसते. ही भीती गेली, असे ते म्हणत नाहीत.

लेखिकेच्या यजमानांची दाढी त्यांनी अखेरपर्यंत केली. पहिल्या सकाळी तो भोकांचा टॉवेल बांधून झाल्यावर, वस्तरा उघडण्याआधी, ते पलंगावर वाकले होते. यजमानांचा चांगला हात कोणता ते त्यांनी विचारून घेतले, तो पांघरुणाखालून बाहेर काढला, त्याच्यावर काही येणार नाही अशा बेताने चादर दूर सारली, आणि म्हणाले, "तात्या, दुखलं तर या हातानं पलंग थोपटा."